रपेटीत घोडा बुजतो तेव्हा : नाशिकच्या नव्या स्वारांसाठी

गिरणाऱ्याच्या अलीकडे एका पाणंदीत माझी घोडी पहिल्यांदा बुजली, तेव्हा काय झालं ते कळायच्या आत मी टोमॅटोच्या वाफ्यात पडलो होतो. जानेवारीची सकाळ होती, वारा जेमतेम. शेजारच्या द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकलेल्या जाळीचं एक टोक सुटलेलं होतं आणि त्याला बांधलेली चकचकीत पट्टी एकदाच फडफडली. घोडी जागच्या जागी खाली दबली, उजवीकडे गर्रकन फिरली आणि माझी मांड सुटली. डावं मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होतं.

त्या सहा आठवड्यांत मला तीन सल्ले मिळाले. घोडी विकून टाक. दोन फटके दे, सुतासारखी सरळ येईल. नाहीतर लगाम कडक घाल. तिन्ही चुकीचे होते हे उमगायला मला वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. न बुजणारा घोडा नसतो. वरातीत वाढलेली, कानाशी ताशा वाजला तरी ढिम्म उभी राहणारी घोडी मी पावसाळ्यात एका डबक्यापुढे अर्धा तास अडलेली पाहिली आहे. तिला गर्दीची सवय होती, एकटीने मोकळ्या माळावर जायची नव्हती. आपल्याला घडवायचा आहे तो बुजल्यावर दोन पावलांत भानावर येणारा घोडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

१. आधी काही दुखतंय का ते बघा

अंग ठणकत असेल तर माणूसही बारीकसारीक गोष्टींनी दचकतो. कालपर्यंत शांत असलेला घोडा अचानक बुजायला लागला तर शिकवणीच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. डोळे, दात, पाठ आणि खूर एवढं तरी तपासून घ्या. डोळ्यात फूल पडलेलं किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर घोडा नेमका त्याच बाजूने बुजतो. दाढांच्या कडा वाढून धारदार झाल्या की लगाम ओढताच गालाला आतून जखम होते.

डॉक्टर येईपर्यंत एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. रपेट झाल्यावर खोगीर उतरवलं की लगेच पाठ पुसू नका, आधी नीट बघा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच तळहाताएवढा एखादा कोरडा डाग, असं दिसलं तर तिथे खोगीर रुततं आहे. माझ्या घोडीच्या खांद्यामागे दोन्हीकडे असे डाग होते आणि तिथे पांढरे केस उगवायला लागले होते. मला ते तिच्या रंगातलेच वाटायचे. दाबाने कातडी दुखावली की तिथे पांढरे केस येतात, हे मला आमच्या पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दार मामांनी दाखवलं. त्यांनी दोन बोटं तिथे टेकवली मात्र, घोडीने कान मागे पाडले. खोगीर बदललं आणि महिन्याभरात निम्मं बुजणं कमी झालं. मी तिला भित्री म्हणत होतो, आणि ती दुखणं सोसत होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तीही बघा. दिवसभर ठाणावर बांधून ठेवायचं, वर हरभरा-ओट भरपूर घालायचं आणि रविवारी तासभर बाहेर काढायचं, असं चालू असेल तर घोडा उसळणारच. वैरण पोटभर द्या, चंदी कामाच्या मानाने, आणि रोज मोकळं फिरू द्या.

२. त्याला जग कसं दिसतं ते समजून घ्या

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असतात. मान न वळवता त्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंश दिसतं. न दिसणारे पट्टे दोनच, कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा. कडेने हललेलं त्याला चटकन कळतं, पण ती वस्तू काय आहे हे नीट दिसायला मान वर-खाली करावी लागते. तुम्ही लगाम आवळून मान जखडली की त्याला धड बघता येत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती वाढत जाते. उन्हातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून महामार्गाखालच्या बोगद्याच्या तोंडाशी किंवा गर्द आमराईत शिरताना तो थबकतो. तिथे त्याला वेळ द्या.

कान तर त्याचे वेगवेगळे फिरतात. एक पुढे, एक तुमच्याकडे असेल तर सगळं ठीक. दोन्ही कान एकाच जागी रोखले गेले की पुढचा भाग तयार ठेवा.

परतताना एक फसगत हमखास होते. जाताना ज्या पांढऱ्या दगडाजवळून तो निमूट गेला, येताना त्याच दगडाला बुजतो. बाजू बदलली, उजेड बदलला, त्याच्या लेखी तो नवा दगड आहे. त्यावर ‘नाटकं करतो’ म्हणून चिडू नका.

३. सामान आणि कागद

स्वारासाठी : घोडेस्वारीचं हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा घट्ट. मोटारसायकलचं चालवून घेऊ नका, ते जड असतं आणि मान वळवताना अडतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला. बूट छोट्या टाचेचे, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही. रनिंग शूज घालून बसलेल्या स्वाराला घोड्याने फरफटत नेल्याचं मी पाहिलं आहे, म्हणून यात मी कुणाचं ऐकत नाही. हातमोजे. मोबाइल स्वतःच्या अंगावर, खोगिराच्या पिशवीत कधीच नाही. घोडा गेला की मोबाइलही जातो.

घोड्यासाठी : लगामाखाली मोहरकी, म्हणजे घोडा धरायला-बांधायला त्याच्या तोंडावर चढवायचा पट्टा, आणि तीन-चार मीटरचा सुती दोर. गळ्यात चामड्याचा पट्टा. बुजल्यावर हाताला धरायला तो हवा, नाहीतर तुम्ही लगामालाच लोंबकळता आणि तोंडाला हिसका बसतो. मोहरकीला तुमचा नंबर लिहिलेला बिल्ला बांधा.

काटेरी लगाम बाजारात सर्रास मिळतो. तो कायद्याने बंद आहे, आणि भीतीत वेदना मिसळणारी त्याच्याइतकी वाईट वस्तू दुसरी नाही. घोड्याबरोबर तसा लगाम आला असेल तर पहिल्या दिवशी काढून टाका.

कागद : येवल्याचा मंगळवारचा बाजार असो की दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, घोडा घेतलात तर खरेदीची पावती, अंगावरच्या खुणांची नोंद, डॉक्टरांचा आरोग्य दाखला आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागा. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस घोड्याची आणि स्वतःचीही वेळेवर हवी. विकणाऱ्याला ‘बुजतो का?’ असं विचारू नका, ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘आजवर काय काम केलंय?’ असं विचारा. वरात, टांगा, शर्यत यातलं काय केलं ते कळलं, की कशाची सवय आहे आणि कशाची नाही याचा अंदाज येतो. भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा.

४. पागेच्या आवारात तालीम

जे रस्त्यावर भेटणार आहे ते आधी घरी दाखवा. आमच्याकडची यादी अशी : खताची रिकामी गोणी, निळी ताडपत्री, छत्री, द्राक्षबागेची जुनी जाळी, चकचकीत पट्टी आणि चालू मोटारसायकल. एका वेळी एकच वस्तू, दहा-पंधरा मिनिटं, घोडा मोहरकीवर, तुम्ही जमिनीवर.

मी गोणीची तालीम कशी केली ते सांगतो. पहिल्या दिवशी गोणी वीस पावलांवर टाकली आणि घोडीला तिच्याभोवती नुसतं चालवलं. तिने मान उंच केली की मी पुढे न जाता तिथेच थांबायचो. थोड्या वेळाने ती मान खाली करायची, जबडा हलवायची, नाकातून लांब फुर्रकन श्वास सोडायची. तो श्वास आला की मी तिला गोणीपासून लांब न्यायचो. लांब जाणं हेच तिचं बक्षीस. मग पुन्हा एक पाऊल जवळ. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः नाक लावलं. पाचव्या दिवशी तीच गोणी मी तिच्या खांद्यावरून फिरवली. डाव्या बाजूने झालं की सगळं पहिल्यापासून उजव्या बाजूने.

चूक होते ती घाईत. घोड्याला खुंट्याला करकचून बांधून अंगावर ताडपत्री झटकणारे लोक आहेत. तो शेवटी थरथरत उभा राहतो आणि ‘मोडला’ म्हणून सगळे खूश होतात. त्याने हार मानलेली असते, भीती तशीच असते, आणि एक दिवस स्वाराला घेऊन ती बाहेर पडते.

स्वारीची एक तालीमही इथेच करा, एका वादीने थांबवण्याची. घोडा उभा असताना एक हात लगामाच्या एकाच वादीवरून खाली सरकवा, सावकाश आपल्या मांडीकडे आणा. घोड्याचं नाक तुमच्या गुडघ्याकडे वळेल, मागचे पाय एखादं पाऊल फिरतील आणि थांबतील. थांबताक्षणी वादी सैल. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, मग चालीत, मग दुडकीत. दर रपेटीआधी मी हे अजून करतो.

५. वाट आणि वेळ निवडा

आपल्या भागातले आवाज नकाशावर कळत नाहीत, पंचांगात आणि पीकवेळापत्रकात कळतात.

देवळालीकडे तोफखान्याचा सराव चालू असला की धमाके लांबवर ऐकू येतात. ओझर, दिंडोरीच्या अंगाला सुखोई विमानांचा गडगडाट अचानक डोक्यावर येतो. छाटणीनंतरच्या महिन्यांत बागांमध्ये ब्लोअरचे ट्रॅक्टर चालतात, मणी भरू लागले की पाखरं हाकलायला फटाके आणि कार्बाइडच्या बंदुका वाजतात. गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी गंगापूर रोडच्या मोकळ्या मैदानांवर ढोलपथकांचा सराव असतो. श्रावणी सोमवारी आणि पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबक रस्ता भाविकांनी आणि पताकांनी भरलेला असतो. नवा घोडा त्या दिवसांत तिकडे नेऊ नका. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा झाडाझुडपांत अडकलेला असतो. तो घोड्याच्या पायाला आणि तुमच्या गळ्याला सारखाच घातक आहे. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत, काल मोकळी असलेली वाट आज डंपरची झालेली असते. आदल्या दिवशी दुचाकीवरून वाट बघून या.

त्या फेरीत तीन गोष्टी खास टिपून ठेवा : कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी आणि द्राक्षांच्या मांडवाच्या तारा. शेततळ्यातला प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो, आत पडलेल्या घोड्याला बाहेर येता येत नाही. मांडवाची तार घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाच्या छाती-गळ्याशी येते. अशा ठिकाणी वाट अरुंद असेल तर खाली उतरून चाला. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिकडे जायचं तर आधी वनखात्याला विचारा.

पहिल्या दहा-बारा रपेटी जाणत्या घोड्याच्या सोबतीने करा. तो पुढे, तुमचा मागे, मध्ये एका घोड्याचं अंतर. एकटं जाणं पुढचं आहे.

६. बुजायच्या आधीचे क्षण

‘अचानक बुजला’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याने आधी सांगितलेलं असतं. मान वर, कान रोखलेले, खोगिराखाली पाठ फळीसारखी ताठ, पावलं आखूड, श्वास थांबलेला. यातलं एक जरी जाणवलं तरी आपलं काम सुरू होतं.

पहिलं काम, श्वास सोडा. आवाज येईल इतका लांब. स्वार श्वास रोखतो तेव्हा त्याच्या मांड्या आवळतात, आणि घोड्याला तेवढंच कळतं : वरच्यालाही भीती वाटते आहे, म्हणजे नक्की काहीतरी आहे. दुसरं, त्या वस्तूकडे टक लावू नका, वाट जिथे जाते तिकडे लांब बघा. तिसरं, टाचा खाली, बूड खोगिरात खोल, गुडघे सैल.

चालीतच पुढे जाता येत असेल तर घोड्याचं नाक त्या वस्तूपासून किंचित पलीकडे वळवा आणि त्याच पलीकडच्या पायाची पोटरी टेकवा. समजा, आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चाललो आहोत आणि डावीकडे कुणीतरी तंबूसारखं पाल ठोकलं आहे. नाक थोडं उजवीकडे, उजवी पोटरी त्याच्या बरगडीला. यामुळे त्याला उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला, सरकता येत नाही. नवे स्वार नेमकं उलट करतात. ‘बघ, काही नाही’ म्हणत तोंड पालाकडे वळवतात आणि घोड्याचा मागचा भाग रस्त्यात जातो.

रस्ता मोकळा असेल तर थांबून बघू द्या. तो पुढे झुकला, एक पाऊल टाकलं, की लगाम लगेच सैल. शाबासकी म्हणून मानेवर फटाफट थापट्या मारू नका. आयाळ जिथे संपते तिथे, खोगिराच्या पुढे, बोटांनी सावकाश खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात.

७. बुजलाच तर

तो बाजूला उडी मारेल, दबेल किंवा गर्रकन फिरेल. एका हाताने गळपट्टा धरा. दोन्ही लगाम एकदम खेचू नका. पळायची वाट बंद झालेला घोडा मागच्या पायांवर उभा राहतो आणि तिथून उलटाही पडू शकतो. फिरला असेल तर ज्या बाजूने फिरला त्याच्या उलट बाजूने परत वळवा, चार पावलं चालवा, मग थांबा. ओरडणं नाही, चाबूक नाही. फटका बसला की त्याच्या मनात जाळी आणि फटका यांची गाठ पडते, आणि पुढच्या वेळी तो जाळी दिसण्याआधीच उसळतो.

उधळला तर वेग कमी असतानाच ती एक वादी वापरा. चौखूर सुटल्यावर मात्र मान झटक्याने वळवू नका, तोल जाऊन घोडा तुमच्यासकट पडेल. मोकळं रान असेल तर खेच-सोड, खेच-सोड करत मोठ्या वर्तुळात आणा, चढ असेल तर चढाकडे घ्या. डांबरी रस्त्यावर नाल ठोकलेले पाय घसरतात, तिथे वळणंच टाळा.

पडणार हे कळलं की पाय रिकिबीतून काढा, लगाम सोडा, अंग गोळा करून घोड्यापासून लांब लोळा. लगाम धरून ठेवणं शौर्याचं वाटतं, पण खांदा निखळतो नाहीतर टाप बसते.

८. कधी उतरायचं, कधी त्याचं ऐकायचं

‘उतरलास तर घोडा जिंकतो’ असं तुम्हाला सांगतील. घोड्याला जिंकण्या-हरण्याचं काही नसतं. तुमचेच हात थरथरत असतील, वाट अरुंद असेल, पुढून जेसीबी येत असेल, तर घोडा उभा असतानाच उतरा. रिकिबी वर करा आणि त्याच्या खांद्याशेजारून चाला, पुढून नाही. दोर हाताला कधीही गुंडाळू नका, घडी करून मुठीत धरा.

एक प्रसंग असा येतो की तिथे घोडाच बरोबर असतो. गोदावरीकाठच्या उसात बिबट्या आहे हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. एका संध्याकाळी ओळखीच्या पाणंदीत माझी घोडी उसाच्या कडेला थांबली. उडी नाही, फिरणं नाही. फक्त नाकपुड्या फुगवून दोनदा जोरात फुरफुरली आणि चारही पाय रोवले. मी पोटरी टेकवली, ती हलली नाही. मी वळलो. दुसऱ्या दिवशी त्या शेताच्या मालकाने ओल्या मातीतले पंजे दाखवले. तेव्हापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला मी उसाची वाट घेत नाही. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर जवळ असू द्या.

९. पडल्यानंतर

झटकन उठू नका. मान, पाठ, हातपाय एकेक हलवून बघा. डोक्याला मार असेल, मळमळ किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन. घोड्याला जखम झाली तर १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मिळते. सुटलेल्या घोड्यामागे धावू नका, धावणारा माणूस त्याला अजून पळवतो. सोबतचा घोडा उभा ठेवा, सुटलेला घोडा बहुधा कळपाकडे किंवा पागेकडे परत वळतो. महामार्ग जवळ असेल तर आधी पागेला आणि ११२ ला कळवा.

त्याच दिवशी पुन्हा स्वार व्हायलाच हवं, असं काही नाही. मी नऊ आठवड्यांनी बसलो, तोही आवारात. एक वही मात्र त्याच दिवशी सुरू करा : तारीख, वेळ, कशाला बुजला, कुठल्या बाजूने, किती पावलांत भानावर आला. दोन महिन्यांच्या नोंदी वाचल्यावर मला कळलं की माझी घोडी बहुतेक वेळा डावीकडच्या गोष्टींना बुजते. मग डॉक्टरांकडून डावा डोळा पुन्हा तपासला. डोळा स्वच्छ होता, मी तालीम डाव्या बाजूने कमी करत होतो.

गिरणाऱ्याच्या त्या पाणंदीत आम्ही पुढच्या डिसेंबरात गेलो. जाळी नवी होती, पट्ट्या जास्त होत्या. घोडीने मान वर केली, दोन पावलं उजवीकडे सरकली, मी श्वास सोडला. तिचा डावा कान पट्टीवर राहिला आणि उजवा माझ्याकडे वळला. वहीत त्या दिवशी लिहिलं आहे : जाळी, डावी बाजू, दोन पावलं.